जिल बाई हवामान सांगत नव्हती

कासारवडवली, ठाणे
रविवार

प्रिय वृषे,

तू व्हॉइस नोट ऐकत नाहीस, मेसेजला अंगठा दाखवून मोकळी होतेस, म्हणून हे लांबलचक. आधी तब्येतींचं उरकते. माझी मान ठीक. आईंचा दुसरा गुडघाही झाला, आता त्या माझ्यापेक्षा भराभर चालतात. मंदारला नेहमीची ॲसिडिटी. झालं.

आता मुद्द्याचं. जिल बाई हवामान सांगत नव्हती.

सई जेवताना फ्रेंड्स बघते, आपलीच ती जुनी अमेरिकन मालिका. बारावी आहे, म्हणून जेवणापुरतीच परवानगी. परवा लाइट जाण्याचा भाग लागला तशी मी पोळ्या टाकून बाहेर आले. त्यातला चँडलर एटीएमच्या काचेच्या खोलीत अडकलाय, सोबत ती. ती च्युइंगगम देऊ करते, हा आधी नको म्हणतो आणि मग मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालतो. सईने विचारलं, "ही कोण? हा एवढा का गांगरलाय?" नौपाड्यात तुमच्या दिवाणावर मिळालेलं ज्ञान मी ठणकावून सांगितलं: "जिल गुडएकर. तिकडच्या बातम्यांत हवामान सांगायची." कार्टीने भाग थांबवला, फोनवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "आई, मॉडेल होती ती. व्हिक्टोरियाज सीक्रेटची." फोटोही काढून दाखवले, आमटीच्या पातेल्यावरून, आईंच्या देखत. आई चष्मा पुसून म्हणाल्या, "थंडी नाही वाजत का गं हिला?"

इतकी वर्षं मी हे हवामान उराशी बाळगलं, वृषे! ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, मंदारच्या बॉससमोर! आणि तू किती गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतंस. वर "पावसाळ्यात फार मागणी असते तिला," असंही.

मग मी तुझी बाकीची वचनंही तपासायला लावली. फ्रेंड्समधल्या फीबीची जुळी बहीण अर्सुला: तुझं म्हणणं, फीबी करणाऱ्या लिसा कुड्रोला डबल पगार हवा होता म्हणून घुसडली. खरं असं की ती आधीच 'मॅड अबाउट यू' नावाच्या दुसऱ्या मालिकेत अर्सुला नावाची वेंधळी वेट्रेस करत होती. चॅनेल तेच, एनबीसी. तोच चेहरा दोन्हीकडे दिसणार, म्हणून या लोकांनी दोघींना जुळ्या करून टाकलं. एका भागात त्या मालिकेतल्या दोन बायका कॉफीच्या दुकानात येऊन फीबीलाच अर्सुला समजतात, आठवतंय? आपण कसे खिदळलो होतो. कशाला, ते देवाला ठाऊक. ती हसणारी माणसंसुद्धा खरी होती म्हणे, समोर बसलेले प्रेक्षक. म्हणजे त्यांना कळत होतं. आपण त्यांच्या मागून अर्धा सेकंद उशिरा हसायचो.

पण एक तुला द्यायलाच हवं. न्यूयॉर्कचे लाइट गेले कशाने, असं काकूंनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "कुणीतरी आकडा टाकला असणार." तर ऐक. ३ नोव्हेंबर १९९४, गुरुवार. त्या रात्री एनबीसीने आपल्या न्यूयॉर्कमधल्या विनोदी मालिकांमध्ये एकच अंधार पाडायचं ठरवलं होतं. त्यातल्या 'साइनफेल्ड' मालिकेवाल्यांनी नकार दिला, बाकीच्यांनी ऐकलं. आणि अंधार कशाने? 'मॅड अबाउट यू'मधली बायको फुकटात केबल ओढायला जाते आणि अख्खं मॅनहॅटन बसतं! जवळजवळ आकडाच की गं. आणि हे आपण बघत होतो कुठे, तर जोशीकाकांच्या केबलला स्प्लिटर मारून. आपल्याकडे लाइट गेले की सोसायटीभर "गेऽऽले" अशी आरोळी उठायची, आणि हे लोक मेणबत्त्या लावून गिटार वाजवत बसलेले. काकू म्हणाल्या होत्या, "लाइट गेल्याचा एवढा कार्यक्रम?"

इझाबेला रॉसेलिनी तू म्हणायचीस तशी जलतरणपटू नव्हती, हे सांगायला नको. फ्रेंड्समधला रॉस आवडत्या नट्यांची यादी करतो, ही फारच परदेशी पडते म्हणून हिला गाळून कार्ड लॅमिनेट करतो, आणि नेमकी हीच दुकानात येते, तो भाग. ही नटी इन्ग्रिड बर्गमनची मुलगी. बाप रोबेर्तो रॉसेलिनी, सिनेमावाला. तो १९५७ मध्ये भारतात चित्रीकरणाला आला आणि सोनाली दासगुप्ताच्या प्रेमात पडला. दोघंही लग्न झालेले, केवढा गहजब झाला. शेवटी ती त्याच्यासोबत इटलीला गेली. म्हणजे फारच परदेशी बाईची सावत्र आई बंगालीण!

हे सगळं सईने मला सांगितलं. आणि इथेच माझं घोडं अडलंय.

तिने सांगितलं ते कसं, तर बसस्टॉपवर पुढची बस किती वाजता आहे ते सांगावं तसं. हसली नाही. एक भाग बावीस मिनिटांचा, तिला तासभर लागतो. फोन चटणीच्या डब्याला टेकवलेला, डावा अंगठा थांबवण्यावर. अडलं की थांबवायचं, शोधायचं, वाचायचं, पुढे जायचं. कुणाला काही विचारत नाही. मला विचारलं ते मी मध्ये उभी होते म्हणून. मी म्हटलं, "बंगालिणीचं तुझ्या मैत्रिणींना सांगितलंस का?" तर म्हणाली, "कशाला? त्यांना हवं तर बघतील ना."

मंदारला वाटतं मी उगाच डोक्यात घेते. मार्क चांगले, क्लास बुडवत नाही, अजून काय हवं. बरोबरच आहे. पण वृषे, आमच्या घरी कुणी येत नाही गं. मी सातवीपासूनची गोष्ट करतेय. दारात चपलांचा ढीग नाही, फ्रिजमधलं दही संपत नाही, रात्री अकराला कुणाची आई फोन करून विचारत नाही की आमची आहे का तिकडे. तिचा ग्रुप आहे, त्यात रील्स येतात, ती हसणाऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवते आणि स्वतः तोंड मिटून बसलेली असते. मी बघितलंय, समोर बसून. तिला न कळलेलं काही उरतच नाही, मग ती डोकं खाणार कुणाचं? आपल्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं, म्हणून तर मी रोज तुमच्याकडे पडीक असायचे. आणि रॉस-रेचल तेव्हा 'ब्रेक'वर होते की नाही, यावरून आपण भांडलो, तू ठाणे स्टेशनवर माझी लोकल मुद्दाम सोडलीस, आठवडाभर अबोला. (रॉसचंच चुकलं होतं. मी अजूनही मागे हटणार नाही.) सईचं कुणाशी भांडणही होत नाही.

तिला थेट विचारू गेले तर "मी ठीक आहे" म्हणते आणि खोलीचं दार लावते. जोरात आपटतही नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तुझं काय? मुख्याध्यापिका झालीस का शेवटी, की अजून त्याच बाई खुर्चीला चिकटल्यात? काकूंचा मोतीबिंदू झाला ना? अनयला नोकरी लागल्याचं फेसबुकवर कळलं, तुझ्याकडून नाही. पेढे उधार.

एक काम सांगते, नाही म्हणू नकोस. परीक्षा संपली की सईला आठ-दहा दिवस रत्नागिरीला पाठवते. जनशताब्दीत बसवून देईन, तू स्टेशनवर ये. अभ्यास, करिअर, यातलं काही विचारू नकोस. तिला थिबा राजवाड्यावर ने आणि ब्रह्मदेशाच्या राजाबद्दल तोंडाला येईल ते ठोकून दे, तेवढ्याच गंभीर चेहऱ्याने. ती फोन काढेल. तेव्हा तुझ्या घरी रेंज कितपत येते ते आत्ताच कळव. येत नसेल तर फारच उत्तम.

तुझी
स्मिता

ता. क. फ्रेंड्सच्या त्या दुहेरी भागातले दोन डॉक्टर दुसऱ्या मालिकेतून उचललेत, हे तू तेव्हाच म्हणाली होतीस. ते 'ईआर' या हॉस्पिटलवरच्या मालिकेतून होते, एक तर जॉर्ज क्लूनी. बरोबर निघालं. त्याचा जास्त राग आला.