खारीला भेटायला येण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सगळं सांगून झालंय, पण फोनवर बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि तेवढ्यात बातम्या लागतात. म्हणून कागदावर लिहितेय. दिवाळीला तुम्ही याल तेव्हा घरात आमची नवी कुत्री, खारी असेल, आणि मला काळजी खारीची नाही, तुमची आहे. तुम्ही दोघं तिच्यावर एकदम माया करायला जाल. ती अजून तिला पेलायची नाही.

आधी बाबांचे प्रश्न. जात कुठली? गावठी. कराडला आपल्या गल्लीत कट्ट्याखाली झोपतात ना, त्यांच्यातलीच. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून नाव खारी. शेल्टरमध्ये तिचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं, त्याला ती ओ देत नव्हती. वय दातांवरून डॉक्टरांनी अंदाजे दोन वर्षं सांगितलंय. एका कानाच्या टोकाला खाच आहे, ती कुणी चावल्याची नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी केली की कानाला अशी खूण करतात, म्हणजे त्याच कुत्र्याला पुन्हा पकडून नेत नाहीत. रेबीजची लस झाली आहे, दरवर्षी द्यायची. तुमच्या डोक्यात अजून पोटातली १४ इंजेक्शनं आहेत, मला माहीत आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस केव्हाच बंद झाली. आता दंडात चार-पाच देतात. तरीही चुकून दात लागलाच, तर "घरचीच आहे, लस झालीये" म्हणून हळद लावून बसायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. आणि सोसायटीचं म्हणाल, तर बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच कळवलेलं आहे. तो कागद मी सेक्रेटरींना दिलाय. ते खूश नाहीत, पण गप्प आहेत.

गणपतीत तिला आणायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. पुण्यातले ढोल तुम्हाला माहीतच आहेत, आपल्याच छातीत धडधडतं. विसर्जन झालं, मंडप उतरले, मग आणली. गाडीतून उतरताना ठीक होती. घराच्या दारात मात्र चारी पाय रोवून उभी राहिली. कारण काय असेल? फरशी. मातीवर आणि डांबरावर वाढलेल्या जिवाने आपल्यासारखी चकचकीत फरशी कधी पाहिलेलीच नव्हती. पहिलं पाऊल टाकलं आणि पाय चार दिशांना गेले. त्यानंतर जी बाथरूमचं दार आणि वॉशिंग मशीन यांच्या फटीत जाऊन बसली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. शेपूट पोटाला चिकटलेली. मान भिंतीकडे. २६ तास तिने शू केली नाही. मी घड्याळ बघत होते आणि तुमचे जावई डॉक्टरांचा नंबर. पाणी प्यायली तीही रात्री दिवे घालवल्यावर. अंधारात तो लपक लपक आवाज ऐकला आणि आम्ही दोघं श्वास रोखून पडून राहिलो, हललो तर थांबेल म्हणून.

आई, आता जे सांगतेय त्यावर रागावू नकोस. फरशीवर टाकायला घरात होत्या नव्हत्या तेवढ्या सतरंज्या, योगाची मॅट, सगळं अंथरून झालं. कशावर पाय ठेवीना. शेवटी आजीच्या लुगड्यांची तू शिवलेली गोधडी मी काढली. ती कपाटात तशीच होती, तीन वर्षं न धुतलेली, अंगाचा वास मुरलेली. फटीपासून दोन हातांवर पसरली आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले. अर्ध्या तासाने पाहिलं तर पुढचे दोन पंजे गोधडीवर, मागचे दोन अजून फटीत. अशीच झोपली होती. आता ती गोधडी तिची आहे. एक कोपरा उसवलाय, तेवढा तू आलीस की बघ.

लोक म्हणतात तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने: तीन दिवस बावरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराची घडी समजते, तीन महिन्यांत आपलं वाटायला लागतं. हा काही पंचांगातला मुहूर्त नाही, मागेपुढे होतं. खारीला पाचवा आठवडा चालू आहे आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली की अजून दिवाणाखाली जाते. पहिल्या दोन चालतात. का ते विचारू नका.

नवव्या दिवशी मात्र माझी चूक झाली, आणि ती तुम्हाला सविस्तर सांगते, कारण तुमच्या हातून तीच होण्याची शक्यता आहे. बेल वाजली. सिलिंडरवाला होता. मी नेहमीसारखं दार सताड उघडलं आणि पुस्तक आणायला मागे वळले. खारी माझ्या पायांमधून गेली. चार मजले. मी हाका मारत मागे धावले, आणि आता कळतंय की तिथेच सगळं बिघडलं. मागे धावणारा माणूस म्हणजे पकडायला आलेला माणूस, एवढंच तिला रस्त्याने शिकवलंय. मी जितकी पळाले तितकी ती लांब गेली. वॉचमन, इस्त्रीवाला, दोन कॉलेजची पोरं, सगळे "यू यू" करत निघाले. त्या घोळक्याने तर ती पारच नाल्याच्या बाजूला गेली.

शेल्टरमधल्या बाईंना फोन लावला. त्या पहिलं वाक्य म्हणाल्या, "सगळ्यांना घरी पाठवा." मग सांगितलं तसं केलं. गोधडी आणली, उकडलेल्या चिकनचा डबा आणला, आणि नाल्याच्या अलीकडे एक अर्धवट भिंत आहे तिथे तिच्याकडे पाठ करून बसले. पूर्ण पाठही नाही, जरा तिरकी. हाक नाही, बघणं नाही. साडेपाचला बसले होते. माणसं येऊन विचारून जायची, "ताई, बरं वाटत नाही का?" सात वाजता दिवे लागले. डास फोडून काढत होते. आठच्या पुढे कधीतरी डाव्या कोपराला ओलं लागलं. नाक होतं. मी तरी वळले नाही. डब्याचं झाकण उघडून बाजूला सरकवलं. तिने खाल्लं, गोधडीवर दोन चकरा मारल्या आणि बसली. मग कुठे पट्टा लावला. जिन्यात आल्यावर मी रडले.

तेव्हापासून पॅसेजमध्ये लहान मुलांसाठी असतं तसं जाळीचं दार बसवलंय. बाहेरचं दार उघडण्याआधी ते लावायचं, दरवेळी, दूधवाला असला तरी. तिच्या गळपट्ट्यावर माझा नंबर आहे, आणि बाहेर नेताना गळपट्टा आणि छातीचा पट्टा दोन्ही लावतो. तुम्ही एकट्याने तिला खाली न्यायचं नाही. बाबा, हे तुम्हाला.

तुम्ही आलात की असं करा. दारात "अगं बाई, हीच का ती" नको. सरळ आत या, बसा, पाणी प्या, प्रवासाचं बोला. ती घरात नाहीच असं समजा. ती येईल, चप्पल हुंगेल, आईच्या पिशव्या हुंगेल, परत जाईल. चार-पाच वेळा हे होईल. तेव्हा हात पुढे करायचा नाही. डोक्यावर तर नाहीच. वरून येणारा हात तिला दगडाचा वाटतो. तिला वाटलं तर ती अंग घासेल, तेव्हा छातीला किंवा मानेच्या बाजूला खाजवा आणि दोन-तीनदा खाजवून थांबा. परत मागितलं तर परत. ती जांभई देईल तेव्हा तिला झोप आलेली नसते. भूक नसताना ओठ चाटते, मान एकीकडे आणि डोळ्यातलं पांढरं दुसरीकडे, हे सगळं "जरा थांबा" आहे. आणि गुरगुरली तर ओरडू नका, निमूट मागे सरका. गुरगुरायची बंदी केली की कुत्रं पुढच्या खेपेला न सांगता चावतं.

बाबा म्हणतील, मोतीला हे असलं काही लागलं नाही. खरंय. मोती फाटकाला साखळीने असायचा, भाकरी-दूध खायचा आणि पोस्टमनवर भुंकायचा. पण मोतीने हुंगून घर निवडलं होतं, तो आपणहून येऊन राहिला होता. हिला आम्ही उचलून आणलंय. आणि एक बोलू का? मागे मोतीबिंदूच्या वेळी तुम्ही महिनाभर इथे राहिलात, तेव्हा बाबा टीव्ही लावायच्या आधी मला विचारायचे, आणि आई, तू माझ्या घरात "हे पातेलं घेऊ का" म्हणायचीस. लेकीच्या घरात. तुमची बॅग शेवटच्या आठवड्यापर्यंत पलंगाखाली भरलेलीच होती.

खाण्याचं आई, तुझ्यासाठी. कांदा नाही, लसूण नाही, म्हणजे आपल्या घरातलं जवळपास काहीच नाही. त्याने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे नाहीत, मूत्रपिंडं जाऊ शकतात, तेव्हा चिवड्याचा डबा आणि लाडू उंचावर. चॉकलेटचे खोके कपाटात. दूध म्हणजे तुझा जीव की प्राण, पण मोठ्या कुत्र्यांना बऱ्याचदा पचत नाही. हिला पचत नाही, प्रयोग करून झालाय, तपशील सांगत नाही. चिकनची शिजलेली हाडं नाहीत, ती टोकदार फुटतात. दही-भात चालतो, थोडा. आमच्याकडे चिकन शिजतं म्हणून तू वेगळं पातेलं आणशील तर आण, मला वाईट वाटणार नाही. तिचं पातेलं लाल कडीचं आहे.

बाबा, तुमच्या गोळ्या. तुम्ही ब्लडप्रेशरची गोळी नखाने अर्धी करता आणि दुसरी अर्धी दरवेळी पलंगाखाली जाते. इथे ती पलंगाखाली खारीला सापडेल. गोळी टेबलावर, ताटलीत तोडायची. माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्याही तिला विषासारख्या. आणि तुमचं ते शुगरफ्री च्युइंगम खिशात ठेवून सदरा खुर्चीवर टाकू नका. त्यात साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल असेल तर कुत्र्याची साखर एकदम खाली येते.

फटाक्यांची तयारी केली आहे. डॉक्टरांशी बोलून झालंय, गरज पडली तर गोळी देऊ. आतली खोली तिची, जाड पडदे, पंखा मोठा आणि रेडिओ चालू. संध्याकाळी उजेड असतानाच तिला फिरवून आणायचं. नरकचतुर्दशीला पहाटे लोक सुरू करतात, म्हणून अभ्यंगाआधी मी तिच्याजवळ बसेन. आई, उटणं तेव्हा तू काढ. ती घाबरून कुणाच्या पायाशी आली तर जवळ घ्या. "लाड केले की भित्री होते" असं खालचे काका म्हणतात. चूक आहे. लपून बसली तर मात्र ओढून काढायचं नाही.

आता एक काम, या आठवड्यातच. बाबांचा अंगावरचा एक सदरा आणि आईचं एखादं वापरातलं पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून एसटीच्या पार्सलने पाठवा. मी ते गोधडीच्या शेजारी ठेवीन. तुम्ही याल तोवर निदान तुमचा वास तरी तिच्या ओळखीचा झालेला असेल. आई, तू दोन्ही धुवून, इस्त्री करून, वर वेखंडाची पुरचुंडी टाकून पाठवशील हे मला माहीत आहे. धुवू नकोस.

तुमची,
धाकटी