गुरुवारी केलेला उद्योग

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

फोनवर तुला नुसतं म्हणालो, "बाबांचा कॉम्प्युटर गेला होता, परत आला." आता सविस्तर ऐक. आणि हसू नकोस.

त्यावर उबुंटू (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) २२.०४ होतं, म्हणजे २०२२ च्या एप्रिलचं. ते २४.०४ वर न्यायला बसलो, तेही नेमका गुरुवारी! जन्म पुण्यात गेला आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते हे विसरलो. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलीय, हल्ली तो बाबांचं पाय ठेवायचं स्टूल आहे. पॅकेजं, म्हणजे सिस्टिमचे सुटे भाग, उतरली होती, एकेक बसत होतं, आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

वीज आल्यावर काळा पडदा. कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टिमचा गाभाच सुरू होताना कोसळला; म्हणे रूट, म्हणजे सगळी सिस्टिम असते तो डिस्कचा भाग, सापडत नाही. बाबा पाठीशी उभे, त्यांचे सोसायटीचे हिशोब त्यात, आणि रविवारी वार्षिक सभा. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला न बघताच म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल." या लोकांना दुसरं औषधच माहीत नाही.

अरे, डिस्क ठणठणीत होती. नवा कर्नल येऊन बसला होता, पण डिस्कपर्यंत पोचायला त्याला जी शिदोरी लागते, ते इनिटरामएफएस, बांधायच्या आतच वीज गेली. ग्रबमधून, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या यादीतून, जुना कर्नल निवडला, तर तो उठला खरा, पण अर्ध्या नव्या, अर्ध्या जुन्या लायब्रऱ्यांत (प्रोग्रामांच्या सामायिक फायलींत) अडकून लॉगिनच्या अलीकडेच थिजला.

मग शेजारच्यांच्या लॅपटॉपवर लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरूनच सिस्टिम चालते असा, बनवला. त्यावरून मशीन चालू केलं आणि आधी हिशोबांचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर काढला. बाबा तेव्हा कुठे खुर्चीत बसले. मग रूट माउंट करून (जोडून) सीएच-रूट केलं, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरलो, आणि पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीला राहिलेली सगळी पॅकेजं कॉन्फिगर करायला सांगितलं. तासाभरात एकही तक्रार न करता काम झालं. रीस्टार्ट केलं, तर पुन्हा तोच पॅनिक!

जेवताना, आमटी वाढून घेता घेता ट्यूब पेटली. बूटचं पार्टिशन, म्हणजे कर्नल आणि त्याची शिदोरी ठेवायचा डिस्कचा कप्पा, वेगळं आहे आणि ते मी माउंटच केलं नव्हतं. शिदोरी बांधली गेली, पण ठेवली रिकाम्याच फोल्डरमध्ये. ताट तसंच टाकून उठलो, आईची बोलणी खाल्ली. या खेपेला बूट जोडलं, तर म्हणे जागाच नाही. जुने कर्नल कधी काढलेच नव्हते ना! दोन काढले, इनिटरामएफएस पुन्हा बनवलं, ग्रब अपडेट केलं. रात्री पावणेबाराला लॉगिन दिसलं.

आज सभेत हिशोब मंजूर झाले. भांडण पार्किंगवरून झालं.

एक राहिलंच. तो पेनड्राइव्ह तुझा, दिवाळीत आमच्याकडे विसरलेला. लाइव्ह बनवताना आधीचं सगळं पुसलं जातं. त्यात 'साखरपुडा' नावाचा एक फोल्डर होता. दुसरी कॉपी आहे ना रे तुझ्याकडे?

तुझाच,
अव्या