तिकडचा पाऊस

प्रिय सायली,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या कॅस्केड पर्वतात रेचल लेकला एकटीने जाऊन तळ्याकाठी एक रात्र राहण्याचा तुझा बेत कळला, आणि दोन्ही दिवस पावसाचा अंदाज असूनही तो तू बदलणार नाहीस, हेही कळले. जाऊ नकोस असे मी लिहिणार नाही. पण पावसाबद्दल लहानपणापासून मी तुला जे शिकवले, त्यातले बरेचसे कॅस्केड पर्वतात चालणार नाही, आणि ते मीच सांगायला हवे.

"भिजलीस तर भीज, चालत राहा, अंग आपोआप गरम राहील," असे मी राजमाचीच्या वाटेवर तुला सांगत असे. तिथे ते खरे होते, कारण आपल्याकडे जुलैत हवा उबदार असते आणि संध्याकाळी गावातल्या कुणाच्या तरी चुलीपुढे बसता येते. कॅस्केडची रांगही सह्याद्रीप्रमाणेच समुद्रावरून आलेले ढग अडवते. तिचाही पश्चिम उतार चिंब आणि पूर्वेकडे पर्जन्यछाया. मात्र तिथला उन्हाळा कोरडा असतो, आणि आपला पाऊस परतीला लागतो त्या सुमारास तिथे पाऊस आणि थंडी हातात हात घालून येतात. तळे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा खालीच आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. 47 अक्षांशावर सप्टेंबरअखेरीस तेवढ्या उंचीवर रात्रीच्या पावसाचे बर्फ व्हायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. 1994 च्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघी खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. खिंडीच्या वरच्या पठारावर धुके इतके दाट होते की पुढचीची पाठ दिसेना, आणि वारा पाऊस आडवा मारत होता. आमच्यातली सर्वांत बडबडी मैत्रीण हळूहळू गप्प झाली. दमली असेल असे आम्हाला वाटले. देवळाजवळच्या गुहेत पोहोचल्यावर ती सॅकचे बकल काढू लागली, तेव्हा तिची बोटे बकलावरून नुसती फिरत राहिली. दाबायचे कुठे, हेच त्यांना कळेना. "मला थंडी वाजत नाही, फक्त झोप येते आहे," असे ती म्हणाली. आम्ही तिचे ओले कपडे उतरवले, कोरड्या घोंगडीत तिला मध्ये घेऊन बसलो आणि गोड चहा पाजत राहिलो. तासाभराने ती कुडकुडू लागली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. आम्ही तिघी होतो म्हणून ते निभावले. तुझ्याजवळ तुझी बोटे पाहणारे कोणी नसेल, म्हणून ती तूच पाहायची. दर अर्ध्या तासाने अंगठा करंगळीला टेकवून पाहा. टेकत नसेल, तर तिथेच थांबून कोरडे कपडे घाल आणि काहीतरी खा, मुक्काम कितीही जवळ असो.

त्यासाठी एक संपूर्ण जोड, पायमोज्यांसकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेव आणि तंबूत शिरेपर्यंत त्याला शक्यतो हात लावू नकोस. सकाळी निघताना पुन्हा ओलेच कपडे चढवायचे. जिवावर येते, पण कोरडा जोड पुढच्या वेळेसाठी राहतो. सुती काहीही नेऊ नकोस, कारण सुती कापड पाणी धरून ठेवते आणि अंगातली ऊब ओढून घेते. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब देते. तुझी पिसांची स्लीपिंग बॅग भिजली की निरुपयोगी होईल, तेव्हा तिला दुहेरी पिशवी कर. चढाला लागण्यापूर्वी एक थर काढ, कारण रेनकोटच्या आत घामाने भिजणे हेही भिजणेच आहे. तळ्याजवळ शेकोटीला बंदी आहे असे तूच लिहिलेस, म्हणजे काही वाळवता येईल ही आशा नको.

तंबू अगदी काठाशी लावू नकोस. थंड हवा रात्री खोलगट जागी उतरते, आणि अनेकांच्या तंबूंनी दबून बशीसारख्या झालेल्या जागेत पावसाचे पाणी साचते. झोपण्यापूर्वी पोटभर आणि तुपकट खा. अस्वले येऊ नयेत म्हणून उरलेले अन्न तंबूत ठेवायचे नाही, हे तू जाणतेसच.

वाटेविषयी एवढेच, की पहिले तीनेक मैल ओढ्याच्या काठाने सौम्य आहेत आणि शेवटच्या मैलात सुमारे 1,300 फूट चढ आहे, तोही ओल्या मुळांवरून आणि खडकांवरून. जो निर्णय घ्यायचा तो त्या चढाच्या पायथ्याशी घे. तिथवरच अंग कापू लागले असेल किंवा ओढे सकाळपासूनच फुगलेले असतील, तर परत फिर. दिवसभराच्या पावसाने संध्याकाळी ते आणखी चढतील.

रविवारी रात्री आठपर्यंत गाडीपाशी पोहोचशील, असे लिहिले आहेस. तेव्हा इथे सोमवारचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतील. तुझ्या मैत्रिणीकडेही हीच वेळ आणि वाटेचा नकाशा लिहून ठेव, आणि उशीर झाल्यास तिने किती वाजता मदत मागवायची तेही ठरवून दे. मी फोन घेऊन बसलेली असेन.

तुझी,
आई