गुडघ्याच्या एमआरआयविषयी

रामबाग, इंदूर

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तुझा एमआरआय पाहिला. अहवालात काय आहे, असे आई सारखी विचारते आहे, म्हणून तिलाही वाचून दाखवता येईल असे लिहितो.

अहवालात सुचवलेला टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर, ज्याला आमच्या पिढीतले डॉक्टर पीव्हीएनएस म्हणतात, हा सांध्याच्या अस्तरातून उगवतो. तो कर्करोग नाही, पण हाड पोखरतो. खुब्याच्या सांध्यात जागा बेताची, त्यामुळे तेथे हाडाला लवकर खड्डे पडतात. गुडघा ऐसपैस असल्याने एक्स-रे बराच काळ स्वच्छ दिसतो, आणि तुझ्या पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. आता मांडीच्या व नडगीच्या, अशा दोन्ही हाडांना रेखीव काठाचे लहान खड्डे दिसतात. हाडात जन्मलेली गाठ सहसा सांधा ओलांडून पलीकडे जात नाही, म्हणून ही खूण मला मोलाची वाटते. शिवाय गुडघ्यातून काढलेले पाणी तपकिरी होते आणि एमआरआयच्या ग्रेडियंट चित्रांत, ज्यांत लोह काळे दिसते, अस्तर काळेभोर आले आहे. वारंवार रक्त झिरपून साठलेल्या लोहाचे हे लक्षण.

तरीही बायोप्सीवाचून, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्यावाचून, निदान पक्के धरू नये. आपल्याकडे महिनोन्महिने सुजलेला गुडघा दिसला की पुराव्याशिवाय क्षयाच्या गोळ्या सुरू करण्याची घाई होते, तिला बळी पडू नकोस. बायोप्सीची जागा मात्र पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच ठरवावी, कारण क्वचित सायनोव्हियल सार्कोमा हा कर्करोग निघालाच, तर सुईचा सारा मार्गही कापून काढावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड पाहताना मोठमोठ्या जायंट पेशी आधी नजरेत भरतात, पण त्या इतर अनेक आजारांतही असतात. म्हणून पॅथॉलॉजिस्टला एमआरआय दाखवल्याशिवाय मत मागू नकोस. या गाठीत खऱ्या बिघडलेल्या पेशी थोड्याच असतात, त्या सीएसएफ-१ नावाचे प्रथिन अतोनात बनवतात आणि बाकीची गर्दी त्या बोलावण्यावर जमते. लग्नघरात घरची माणसे चार आणि पाहुणे चारशे, तसेच हे.

तुझी गाठ पसरलेल्या प्रकारची दिसते, आणि ती गुडघ्यामागच्या खळगीतही आहे. पुढचे अस्तर दुर्बिणीने काढता येते, परंतु मागचे बहुधा उघड्या शस्त्रक्रियेनेच नीट निघते, म्हणून 'सगळे दुर्बिणीतून करू' असे कोणी सहज म्हटले तर मागच्या भागाचे काय करणार, हे स्पष्ट विचार. अस्तर शिल्लक राहिले की गाठ पुन्हा येते, आणि पूर्ण काढूनही या प्रकारात ती परतण्याचे प्रमाण मोठे आहे. पुढची काही वर्षे ठरावीक काळाने एमआरआय करावा लागेल. सीएसएफ-१ची वाट अडवणाऱ्या पेक्सिडार्टिनिब या औषधाला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली, पण ते यकृताला गंभीर इजा करू शकते. शस्त्रक्रियेने फारसा लाभ होणार नसेल, अशाच रुग्णांसाठी ते आहे, आणि तुझ्या बाबतीत ती वेळ आली आहे असे मला वाटत नाही.

बायोप्सी झाली की नुसता कागद घेऊन येऊ नकोस, स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) दोन्ही मागून घे. येथे दुसरे मत घेण्याची व्यवस्था मी करतो.

तुझे,
बाबा