मंदे, तुझा मोमो माझ्यावर उलटला

ठाणे, शनिवार रात्र

प्रिय मंदे,

तीन महिने पत्र नाही, फोन नाही. आधी शिव्या घालून घे. माझी शुगर आहे तिथेच आहे, ह्यांची पाठ बरी. झालं.

आता ऐक. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, एवढ्यावर काय रडतेस! घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतून 'देशोदेशीचे गोड पदार्थ' अशी ऑर्डर आली. मी फुशारकीत हो म्हटलं. इजिप्तची बसबूसा म्हणजे रव्याचा केक पाकात मुरवलेला, ती डोळे मिटून झाली. तुर्कस्तानात एक खीर असते, तावुक ग्योसू, तिच्यात कोंबडीच्या मांसाचे तंतू घालतात. गोडात! मी वाचून दाखवलं तर ह्यांनी चहाचा कप खालीच ठेवला. ती गाळली. घोडं अडलं ते इंडोनेशियाच्या क्लेपोनवर.

तांदळाच्या पिठाची सुपारीएवढी गोळी, आत माडाच्या गुळाचा खडा. उकळत्या पाण्यात सोडायची, तरंगली की काढून ओल्या खोबऱ्यात घोळवायची. तोंड मिटूनच चावायची, नाहीतर गूळ समोरच्याच्या शर्टावर. म्हटलं, हा तर उलटा मोदक, खोबरं बाहेर! पण त्याला चिकट तांदळाचं पीठ लागतं, ते नुसत्या कोमट पाण्यात मळता येतं. माझं पार्सल आलंच नाही. मग मोदकाची आंबेमोहोराची पिठी तशीच मळली. १४ गोळ्या सोडल्या, १४ फुटल्या. पातेलंभर गुळवणी!

तेव्हा काकूंच्या तांदळाच्या शेवया, ते शिरवाळे आठवले. त्या उकड काढून गोळे उकळत्या पाण्यात सोडायच्या, एक फुटायचा नाही. तशी उकड काढली, तुपाचा हात लावून मळली, खडे बारीक केले. टिकल्या गं! पण ती चिवट ओढ नाही, चावलं की मोदकाची पारी. डब्यावर 'क्लेपोन' लिहिताना पेन धरून पाच मिनिटं बसून होते.

कारण तू होस्टेलवर मैद्याचे मोदक उकडलेस, तेव्हा सगळ्यांसमोर 'हे मोदक नव्हेत, मोमो आहेत' कोण म्हणालं होतं? दसऱ्यापर्यंत तू बोलली नाहीस. मैदा तो मैदाच, त्यावर मी आजही ठाम आहे. पण सगळ्यांसमोर नको होतं. बरं, खाल्ले मात्र सगळ्यात जास्त मीच.

आणि आता सोसायटीतल्या ऑर्डरवाल्या बाईंचा मेसेज आलाय: 'क्लेपोन मस्त, अगदी बालीत खाल्ले तसेच!' पुढच्या महिन्यात ६० हवेत. चिकट पीठ काल येऊन पडलंय. त्याचे केले तर त्या म्हणतील बिघडले, पिठीचे केले तर मी खोटी. खरं सांगू की गप्प बसू? तूच सांग, हा न्याय तुझ्याच कोर्टात.

चिन्मयची ॲडमिशन झाली का? गच्ची गळायची थांबली? सवडीने लिही.

तुझी,
नंदा

ता. क. काकूंचा शिरवाळ्यांचा साचा तुझ्याकडेच आहे ना? भंगारात देऊ नकोस, मी येतेय न्यायला.