क्लच जड लागतो? आधी केबल सोडून पाहा

संपादक महोदय,

आपल्या वाहन पुरवणीतला घरी बांधलेल्या गाड्यांवरचा लेख आवडला. पण ‘क्लच पेडल जड लागत असेल तर प्रेशर प्लेट (गिअरबॉक्स उतरवल्यावरच हाती येणारी, क्लच प्लेट दाबून धरणारी तबकडी) बदला’ हा त्यातला सल्ला मनाला लागला. असेच समजून मी दोनदा गिअरबॉक्स उतरवला आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या गाडीची चासी नळ्यांची, बॉडी फायबरची, इंजिन आणि गिअरबॉक्स एका जुन्या गाडीतले. त्या गाडीत हाच क्लच हलका चालायचा. माझ्याकडे तो इतका जड झाला की सिग्नलला उभे असताना पोटरी थरथरायची. प्रेशर प्लेट नवी टाकली, फरक नाही. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग बदलले, तरी तेच.

शेवटी फोर्कपाशी, म्हणजे केबल गिअरबॉक्सजवळ ज्या दांड्याला जोडलेली असते तिथे, केबल सोडली आणि नुसते पेडल दाबले. तरीही जड! म्हणजे गिअरबॉक्सच्या आत दोष नव्हताच. केबल काढली तर आतले प्लॅस्टिकचे अस्तर वितळून तारेला धरले होते. सायलेन्सर तर केबलपासून चांगला दूर होता, म्हणजे उष्णता त्याची नव्हती. मग लक्षात आले, इंजिन रबरी माउंटिंगवर बसवताना इंजिन ते चासी ही अर्थिंगची जाड पट्टी जोडायची राहिली होती. सेल्फ मारला की स्टार्टरचा शंभराहून जास्त अँपिअरचा प्रवाह बॅटरीकडे परतायला क्लचची केबल धरायचा आणि ती तापायची. पट्टी जोडली, नवी केबल मोठ्या वळणाने नेली, पेडल पूर्वीसारखे हलके झाले. सेल्फ मरगळल्यासारखा फिरायचा, तेही थांबले. ती खूण मी आधीच ओळखायला हवी होती.

घिसलेल्या क्लच प्लेटनेही पेडल जड होते, हे खरे. पण केबल सोडायला दहा मिनिटे लागतात आणि गिअरबॉक्स उतरवण्यात अख्खा दिवस जातो.

हायड्रॉलिक (केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचवाल्यांनी मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलने दाबल्या जाणाऱ्या सिलिंडरचा, व्यास मोजावा. १५.९ मिमीच्या जागी १९ मिमीचा बसवला, तर तेवढाच क्लच दाबायला पायाला सुमारे ४३ टक्के जास्त जोर लागतो, कारण जोर व्यासाच्या वर्गाने वाढतो. लहान सिलिंडरने पेडल हलके होते, पण ते जास्त खोल दाबावे लागते. क्लच पूर्ण सुटतो ना, हे तपासूनच बदल करावा.

पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती. कुणीतरी या रविवारी गिअरबॉक्सचे बोल्ट सोडायला बसला असेल.

आपला,
एक वाचक