गाबोर साबो यांस, खुल्या तारेबद्दल

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुम्ही हंगेरीचे जॅझ गिटारवादक. तुमच्या हंगेरियन भाषेत आडनाव आधी येतं, म्हणजे तुम्ही साबो गाबोर. साबो म्हणजे शिंपी. आमच्याकडेही शिंपी हे आडनाव आहे, त्यामुळे हे कळल्यापासून तुमचं नाव परकं वाटत नाही. तुम्ही 26 फेब्रुवारी 1982 रोजी बुडापेस्टमध्ये गेलात, वय अवघं 45. पत्र पोचणार नाही हे ठाऊक आहे. पण गिटारवर रागाचं अंग आणू पाहणाऱ्या आम्हा वादकांवर तुमचं ऋण आहे, आणि ते बोलून दाखवायला हवं.

गिटारवर षड्ज टिकत नाही, ही आमची मूळ अडचण. तार छेडली की सूर लगेच उतरणीला लागतो. खाली कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) धरावी तर रागाचा रंग बदलतो, शेजारी तानपुरा लावावा तर तो आपल्या वाद्यातून येत नाही. तुम्ही मार्टिनच्या डी-45 या अकूस्टिक गिटारच्या तोंडावर डीआर्मंडचा पिकअप (तारांची थरथर टिपणारा चुंबक) बसवलात, बोटांखालच्या सुरावटीशेजारी एक तार मोकळी, म्हणजे बोटाने न दाबता, ठेवलीत आणि अँपच्या (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या) मदतीने तिला बोलत ठेवलीत. ज्या फीडबॅकला, म्हणजे अँपचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणाऱ्या घुमण्याला, बाकीचे गिटारवादक घाबरत होते, त्यातून तुम्ही खर्ज, म्हणजे खाली अखंड राहणारा सूर, काढलात.

हे करून बघणाऱ्याला पहिल्या दिवशी शिट्टीच ऐकू येते. अँपचा आवाज गिटारच्या पोटात शिरतो, वरची फळी थरथरते, ती तारेला हलवते, तार पिकअपला जागं करते आणि चक्र सुरू होतं. मोठ्या अंगाच्या गिटारच्या पोटातली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते आणि खुली पाचवी तार 110 वर असते, म्हणून सगळ्यात आधी तीच उठते. चौथी खुली तार षड्ज मानली तर ही पाचवी तार पंचम होते. तानपुऱ्यातही पहिली तार पंचमाचीच, त्यामुळे आमच्या कानाला हा हिशोब लगेच पटला. अँपपासून सहा-सात फुटांवर बसायचं, आवाज शून्यापासून हळूहळू वाढवायचा, पाचवी तार हलकेच छेडल्यावर विझेनाशी झाली की किंचित मागे यायचं. पुढचं काम अंगाने करायचं: गिटारचं तोंड अँपकडे वळवलं की सूर फुगतो, बाजूला वळवलं की बसतो. सहावी तार मोकळी राहिली तर ती रिषभ धरून बसते आणि सगळं बिघडवते. ती एक स्वर उतरवून मंद्र षड्जात लावावी, नाहीतर डाव्या हाताचा अंगठा मानेवरून आणून दाबून ठेवावी.

तारांच्या निवडीतही बरेच जण फसतात. अकूस्टिकच्या नेहमीच्या संचात जाड तारांवर ब्राँझचं वेटोळं असतं. ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही, म्हणून अशा पिकअपवर पहिल्या दोन तारा कर्कश वाजतात आणि नेमक्या खर्जाच्या तारा दबलेल्या राहतात. निकेलचं वेटोळं असलेला संच चढवला की समतोल येतो. पिकअप गिटारच्या तोंडाच्या भोकात सैल बसला तर स्वतःच खडखडतो, त्याच्या कडेला नमद्याची पातळ पट्टी घालावी लागते.

सुरावट तिसऱ्या तारेवर, शेजारची चौथी खुली: दुसऱ्या फ्रेटवर (पडद्यावर) पंचम मिळतो, सातव्यावर वरचा षड्ज. तार ओढायची असेल तर खाली, जमिनीकडे ओढावी. वर ओढली की बोट चौथ्या तारेला भिडतं आणि खर्ज तुटतो. हे कोणी लिहून ठेवलेलं आम्हाला मिळालं नाही. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये खर्ज कुठे अखंड राहतो ते पुन्हा पुन्हा ऐकूनच हाताला उमगलं.

तुमची ‘मिजराब’ ही रचना आम्ही सर्वांत जास्त घोटली. सतारियाच्या तर्जनीतल्या तारेच्या नखीचं नाव एका हंगेरियन माणसाने आपल्या रचनेला द्यावं, याचं अप्रूप आजही ओसरत नाही. 1966 च्या ‘जॅझ रागा’मध्ये ती आहे, तिथे ड्रमवर बर्नार्ड पर्डी. एप्रिल 1967 मध्ये बोस्टनच्या जॅझ वर्कशॉपमध्ये मुद्रित झालेल्या ‘द सॉर्सरर’मध्ये ती पुन्हा येते, आता मार्टी मॉरेल ड्रमवर आणि हॅल गॉर्डन तालवाद्यांवर. 1972 च्या अखेरीस तीच रचना आख्ख्या अल्बमला नाव देते, आणि त्या अल्बमवर बिली कॉबम व जॅक डिजॉनेट आहेत. आमचं मत 1967 ला. तिथे जिमी स्टुअर्टची दुसरी गिटार कॉर्डचा भार उचलते, म्हणून तुमची खुली तार निर्धास्त वाजू शकते. दोन गिटारवाल्यांनी कामं कशी वाटून घ्यावीत याचा याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही.

‘जॅझ रागा’त तुम्ही सतारही वाजवलीत. खरं सांगायचं तर तिथे मींड (तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं) नाही, सतार रंगापुरतीच आहे. आमच्या कानांना राग सापडतो तो तुमच्या गिटारमध्ये. दुडा या तुमच्याकडच्या लोकवाद्याला षड्ज धरणारी वेगळी नळी असते, तेव्हा धरून ठेवलेल्या सुराची ओढ तुमच्या मातीतही होतीच.

चिको हॅमिल्टन यांचेही आभार इथेच मानतो. 1956 मध्ये, उठावाच्या वर्षी देश सोडून आलेल्या आणि बोस्टनच्या बर्कली या संगीत विद्यालयात शिकलेल्या तरुणाला या ड्रमरने 1961 मध्ये आपल्या बँडमध्ये घेतलं. त्या पंचकात पियानो नव्हता. चार्ल्स लॉइड यांच्या सॅक्सोफोनखालची मोकळी जागा गिटारने भरायची होती, आणि ती गच्च कॉर्डनी न भरता धरलेल्या सुराने भरता येते हे तुम्ही दाखवलंत. पुढे मे 1966 मध्ये तुमच्या ‘स्पेलबाइंडर’साठी तेच हॅमिल्टन ड्रमवर बसले, बेसवर रॉन कार्टर, शिवाय विली बोबो आणि व्हिक्टर पँटोहा. त्यातली ‘जिप्सी क्वीन’ 1970 मध्ये सँतना या बँडने ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ला जोडली आणि ती घरोघरी पोचली. ती तुमची आहे हे शिकणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आवर्जून सांगतो.

आमच्या ड्रमर मित्रांचेही आभार यात आहेत. खर्ज घुमू लागला की स्नेअर या छोट्या ड्रमच्या खालच्या तारा आपोआप झणझणतात, ऐकणाऱ्याला वाटतं अँप फाटला. सुरुवातीच्या आलापीत ड्रमरने स्नेअरचा खटका पाडून ठेवावा आणि ठेका सुरू होण्याच्या एक आवर्तन आधी पुन्हा चढवावा. फ्लोअर टॉम या जमिनीवर उभ्या ड्रमचा सूर खर्जाशी अगदी जुळला तर तोही गुणगुणत राहतो, म्हणून तो अर्ध्या स्वराने उतरवून घ्यावा. बेस ड्रमने समेवर वजन द्यावं आणि बाकी वेळ खालची जागा मोकळी सोडावी, कारण तिथे तुमची तार वाजत असते.

आपले ऋणी,
पुण्यातले काही गिटारवादक